निबंधाची वही मिटा, किल्ल्याची पाटी लिहायला घ्या

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

दिवाळीची सुट्टी जवळ आली की घराघरांत दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. अंगणात, गच्चीत नाहीतर सोसायटीच्या कोपऱ्यात किल्ल्यासाठी माती येऊन पडते आणि घरात ‘रोज एक पान शुद्धलेखन झालंच पाहिजे’ हा तगादा लागतो. माती कालवायला मुले जेवण टाकून धावतात. पानभर लिहायचे म्हटले की कोणाचा हात दुखतो, कोणाची पेन्सिल हरवते. मुलांना घरीच शिकवणाऱ्या, म्हणजे होमस्कूलिंग करणाऱ्या पालकांना तर हा तगादा वर्षभर लावावा लागतो, कारण तिथे वर्गातली चढाओढ नाही आणि बाईंचा धाकही नाही. मुलांच्या लेखनाचे काम करणाऱ्या आम्हा काही पालक-शिक्षकांचे म्हणणे असे, की या दोन गोष्टी एकत्र आणाव्यात. ‘मुलांना लिहिते करा’ हा उपदेश सगळीकडे मिळतो, कृती मात्र कोणी सांगत नाही. म्हणून हे पत्र जरा लांबले आहे.

‘माझी आई’, ‘पावसाळा’, ‘मी पाहिलेली जत्रा’ हे निबंध कोणालाच वाचायचे नसतात, फक्त तपासायचे असतात. मुलांना हे बरोबर कळते. मग ती दहा ओळी भरतात आणि अकरावी ओळ मागितली की रडतात. तेच मूल ‘इथे पाय देऊ नका, माती ओली आहे’ अशी पाटी कोणी न सांगता किल्ल्यापुढे लावते, कारण ती कोणीतरी वाचणार आहे आणि नाही वाचली तर बुरूज ढासळणार आहे. पुढच्या सगळ्या उद्योगांना आमची एवढी एकच अट आहे: लिहिलेले कोणाच्या तरी कामी आले पाहिजे, आणि तो वाचणारा कोण हे लिहायला बसण्याआधी ठरले पाहिजे.

किल्ल्यापासूनच सुरुवात करू. वसुबारसेला किल्ला हिरवा दिसायला हवा असेल तर अळीव किंवा मोहरी सहा-सात दिवस आधी पेरावी लागते. लिखाणही त्याच दिवशी सुरू करावे. रोज संध्याकाळी तीनच ओळी: आज काय बांधले, काय पडले, उद्या काय आणायचे. यातली तिसरी ओळ सर्वांत मोलाची. घरातल्या मोठ्यांनी ती अक्षरशः पाळायची. ‘माती’ एवढेच लिहिले असेल तर मूठभर माती आणून द्यावी. रागावू नये आणि समजावूही नये. दुसऱ्या दिवशी ‘लाल माती, दोन घमेली, खडे नकोत’ असे लिहून येते. नेमके लिहिणे म्हणजे काय ते मुलाला त्या मूठभर मातीतून कळते.

दुसरे काम पाट्यांचे. माची, बालेकिल्ला, पाण्याचे टाके, चोरदिंडी, खंदक अशा प्रत्येक जागेला एक पाटी, आणि पाटीवर नुसते नाव नको. बारा ते पंधरा शब्दांत त्या जागेचा उपयोग लिहायचा: ‘चोरदिंडी. वेढा पडला तर इथून रात्री माणसे बाहेर जात. दार मुद्दाम लहान ठेवले आहे.’ पोस्टकार्डाइतका जाड कागद घ्यावा, साधारण सहा बाय चार सेंटिमीटरचे तुकडे करावेत आणि खराट्याच्या काडीला चिकटवावेत. स्केचपेन वापरू नये. अळिवावर शिंपडलेल्या पाण्याने आणि पहाटेच्या दवाने अक्षरे फुटतात. पेन्सिल किंवा साधे बॉलपेन टिकते. वरून पारदर्शक चिकटपट्टी लावताना ती कागदाच्या कडेबाहेर तीन-चार मिलिमीटर राहू द्यावी आणि पुढची-मागची पट्टी एकमेकींना चिकटवावी. कडेला बरोबर कापली की तिथूनच पाणी आत शिरते आणि दोन दिवसांत पाटी फुगते.

तिसरे काम म्हणजे किल्ला पाहायला येणाऱ्यांसाठी माहितीपुस्तिका. एका ए-फोर कागदातून, न शिवता, न स्टेपल करता आठ पानांचे पुस्तक होते. कागद आडवा ठेवून वरची कड खालच्या कडेवर आणा, घडी नखाने दाबा आणि उघडा. मग डावी कड उजव्या कडेवर आणून दुमडा आणि तशीच आणखी एक घडी घाला. उघडल्यावर आठ चौकोन दिसतात. आता कागद फक्त एकदा, डावी-उजवी कड जुळवून दुमडा. दुमडलेल्या बाजूकडून, मधल्या आडव्या घडीवरून कात्री चालवा आणि पुढची उभी घडी आली की थांबा. इथेच घोडे पेंड खाते: कात्री पुढे गेली तर पुस्तकाऐवजी दोन पट्ट्या हाती येतात. म्हणून कुठे थांबायचे तिथे आधी पेन्सिलीने ठळक टिंब द्यावे. कागद उघडून पुन्हा वरची कड खालच्या कडेवर आणा आणि दोन्ही टोके एकमेकांकडे ढकला. मधली चीर फुलून अधिकचे चिन्ह तयार होते. पाने एका दिशेने वळवली की पुस्तक झाले. मग आधी प्रत्येक पानावर पेन्सिलीने क्रमांक घालावेत आणि त्यानंतरच कागद उलगडून लिहायला द्यावा. उलगडल्यावर चार पाने उलटी दिसतात. क्रमांक नसतील तर निम्मे पुस्तक डोक्यावर उभे राहते आणि मूल कागद फेकून देते. एक पान जेमतेम साडेसात बाय साडेदहा सेंटिमीटरचे असते, त्यात वीस-पंचवीस शब्द मावतात. एवढ्याशा पानाची भीती वाटत नाही, हा या पुस्तकाचा मोठा गुण.

पानांत काय घालायचे ते मुलांनी ठरवावे. साधारण नकाशा, चढायची वाट, दरवाजे, पाणी, कशाला हात लावू नये आणि शेवटी पाहुण्यांना एक प्रश्न, एवढ्यात आठ पाने भरतात. खऱ्या किल्ल्याची प्रतिकृती असेल तर माहिती काढणे आले. राजगड केला असेल तर पद्मावती, संजीवनी आणि सुवेळा या तीन माच्या आपल्या मातीत कुठे आहेत ते सांगावे लागेल. २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले, अकरा महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. त्यातला एखादा निवडला तर माहितीही सहज मिळते. अडचण एकच: मुले इंटरनेटवरचा अख्खा परिच्छेद उतरवतात, ‘सदर दुर्ग सह्याद्रीच्या रांगेत वसलेला असून’ वगैरे. त्यावर उपाय असा, की जे आपल्या किल्ल्यावर बोट ठेवून दाखवता येईल तेवढेच पुस्तिकेत येईल. या नियमाने नक्कल आपोआप गळून पडते.

किल्ल्याजवळ एक अभिप्रायवही बांधून ठेवावी. मोठी माणसे तीत ‘खूप छान!’ लिहून निघून जातात आणि त्याचा कोणाला काही उपयोग नसतो. म्हणून वहीच्या प्रत्येक पानावर मुलानेच आधी प्रश्न लिहून ठेवावा: ‘शत्रू कुठून चढेल असे तुम्हाला वाटते?’ आलेल्या उत्तरांना मुलाने खाली लेखी उत्तर द्यावे. भाऊबीजेपर्यंत पाच-सहा पानांचा वादविवाद जमतो.

आता शुद्धलेखन. आमचा त्याला विरोध नाही, वेळेला आहे. पहिल्या खर्ड्यावर पेन चालवू नये, लाल तर नाहीच. मुलाने लिहिलेले स्वतः मोठ्याने वाचून दाखवावे. ऐकणाऱ्याने न कळलेल्या गोष्टीबद्दल दोनच प्रश्न विचारावेत. त्यांची उत्तरे घालून दुसरा खर्डा. पाटी किंवा पुस्तिका पक्की करायच्या वेळी तेवढी शुद्धलेखनाची फेरी, आणि तीही अशी, की ज्या ओळीत चूक असेल तिच्यासमोर समासात पेन्सिलीचे टिंब द्यायचे. चूक कोणती ते मुलाने शोधायचे. ओळीत दोन चुका असतील तर दोन टिंबे. आपण चूक दुरुस्त करून दिली की मूल ती न वाचता उतरवते. शोधावी लागली तर शब्दाकडे नीट बघते.

एका उद्योगाला एकच नियम घ्यावा. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार असे अठरा नियम एका सुट्टीत घशाखाली उतरवायचे कारण नाही. किल्ल्यासाठी एक नियम आयताच आहे: अकारान्त शब्दातला शेवटून दुसरा इकार-उकार दीर्घ, आणि शब्दाला प्रत्यय लागून तो पुढे सरकला की ऱ्हस्व. बुरूज, पण बुरुजावर. वीट, पण विटांचा. धूळ, पण धुळीत. मूल, पण मुलांनी. (तत्सम शब्दांना हे लागू नाही, म्हणून ‘परीक्षा’ किंवा ‘गुण’ सध्या बाजूला.) किल्ल्याच्या पाट्यांवर हे शब्द इतक्यांदा येतात की आठवडाभरात नियम पाठ न करता हातात बसतो.

पाच-सहा वर्षांच्या मुलाला हे सगळे लिहिणे जमणार नाही आणि जमावे असा आग्रहही धरू नये. त्याने सांगावे आणि घरातल्या मोठ्या माणसाने लेखनिक व्हावे. मात्र लेखनिकाने लेखनिकच राहावे. मूल ‘म्या पाह्यलं’ म्हणाले तर ‘म्या पाह्यलं’ लिहावे, ‘मी पाहिले’ नव्हे. लगेच ते जसेच्या तसे वाचून दाखवावे. आपले बोलणे कागदावर उमटते आणि तिथून पुन्हा तसेच ऐकू येते, हे या वयात कळणे पुरेसे आहे. प्रमाणभाषा पुढे येते. घरची बोली चुकीची आहे असे एकदा मनात बसले की मूल लिहायलाही आणि बोलायलाही बुजते. सातव्या-आठव्या वर्षी दोन ओळी आपण, एक ओळ मुलाने, अशी वाटणी करावी. सलग दहा मिनिटांपेक्षा जास्त पेन्सिल धरायला लावू नये.

शिरोरेषेबद्दल एक बारीक गोष्ट. काही मुले आधी पूर्ण ओळीची अक्षरे लिहितात आणि शेवटी पट्टीने काढल्यासारखी एक लांब रेघ मारतात. मग शब्दांमधली जागा नाहीशी होते आणि वाचणाऱ्याला काही लागत नाही. प्रत्येक शब्द संपला की त्याची रेघ, आणि मग हात उचलून बोटभर जागा, ही सवय लावली की निम्मे ‘घाणेरडे अक्षर’ सुधारते. इंग्रजी आधी शिकलेल्या मुलांचे आणखी वेगळे असते: ती मराठी अक्षरेही रेघेवर बसवतात. देवनागरी अक्षर रेघेला खाली लोंबते. त्यांना काही दिवस दुरेघी वही द्यावी आणि वरची रेघ रंगीत करून ठेवावी.

दिवाळी संपल्यावर काय, तर वर्तमानपत्र. आपल्या पेशाची ही छोटी आवृत्ती मुलांना फार आवडते. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ ला निघाले आणि महाराष्ट्रात तो दिवस पत्रकार दिन म्हणून पाळला जातो. घरच्या पहिल्या अंकासाठी तीच तारीख धरली तर तयारीला पुरेसा वेळ मिळतो. ए-थ्री कागद मधोमध दुमडला की ए-फोर आकाराची चार पाने होतात. पानाला चारही बाजूंनी दीड सेंटिमीटर समास सोडावा, कारण झेरॉक्सच्या यंत्रात कडेचा भाग हमखास कापला जातो. उरलेल्या अठरा सेंटिमीटरमध्ये साडेआठ सेंटिमीटरचे दोन रकाने आणि मध्ये एक सेंटिमीटर जागा. बातम्या थेट पानावर लिहू नयेत. साडेआठ सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्यांवर लिहाव्यात, मग पट्ट्या पानावर हलवून जुळवाव्यात आणि शेवटी चिकटवाव्यात. थेट पानावर लिहिणारे मूल तिसऱ्या बातमीत चुकते आणि आधीच्या दोन बातम्यांसकट पान फाडते. पट्टी असली तर तेवढी पट्टीच बदलते. अशा एका ओळीत मुलाच्या हस्ताक्षरात चार-पाच शब्द बसतात. म्हणजे साठ शब्दांची बातमी बारा ते पंधरा ओळींची. हा हिशेब मुलांना आधी करायला लावावा. ‘जागा शिल्लक आहे, आणखी दोन ओळी हव्यात’ असे अंकाने मागितले की मुले हसत लिहितात. आईने मागितल्या की नाही.

काळ्या बॉलपेनने लिहावे. पेन्सिल झेरॉक्समध्ये पुसट येते आणि फिका निळा रंग जवळजवळ उडतो. चिकटवलेल्या पट्ट्यांच्या कडांची सावली प्रतीत काळ्या रेघेसारखी उमटते. गोंद कडेपर्यंत लावला आणि पट्ट्या वाळेपर्यंत जाड पुस्तकाखाली दाबून ठेवल्या तर ती येत नाही.

बातमीसाठी कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसे हे सहा ककार एका चिठ्ठीवर लिहून द्यावेत. मुले पहिले चार सहज भरतात. ‘का’साठी कोणाला तरी जाऊन विचारावे लागते आणि खरे लिखाण तिथे सुरू होते. ‘सोसायटीत पाण्याची समस्या’ हा मथळा चालणार नाही. ‘तिसऱ्या मजल्यावर दुपारी दोनपर्यंत पाणी नव्हते’ हा चालेल. मथळ्यात क्रियापद हवे, असे एक वाक्य संपादकाच्या खुर्चीसमोर चिकटवून ठेवावे. मुले ‘परिसरात एकच खळबळ उडाली आहे’ असेही लिहितात. हे ती कुठून उचलतात ते आपल्याला सांगायला नकोच, महोदय. त्यावर ‘खळबळ म्हणजे कोण काय करत होते?’ एवढेच विचारावे. ‘लिफ्ट बंद पडली म्हणून चार जण जिन्यात ओरडत होते’ असे उत्तर येते. तेच छापायचे.

मुलाखत घ्यायची तर पाच प्रश्न आधी लिहून न्यावेत आणि त्यातल्या कशाचेही उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे येणार नाही हे बघावे. वॉचमनकाकांना ‘तुम्हाला काम आवडते का?’ विचारले की बोलणे दोन शब्दांत संपते. ‘रात्री झोप येऊ नये म्हणून काय करता?’ विचारले की रकाना भरतो. त्यांचे शब्द जसेच्या तसे घ्यायचे असल्याने अवतरणचिन्ह कशासाठी असते हे शिकवावे लागत नाही. नाव छापण्यापूर्वी त्यांना विचारायचे आणि छापण्याआधी मजकूर वाचून दाखवायचा, हे मुलांनी न चुकता पाळावे. चुकीचे छापले गेले तर पुढच्या अंकात ‘चूकभूल’ या चौकटीत दुरुस्ती. ही चौकट मुलांना शुद्धलेखनाच्या शंभर ओळींपेक्षा जास्त सावध करते.

बहुतेक घरची वर्तमानपत्रे तिसऱ्या अंकाला बंद पडतात. साप्ताहिक काढायची घाई केलेली असते आणि दुसऱ्या अंकापासून मांडणी बाबांनी आपल्या हाती घेतलेली असते. अंक छान दिसू लागतो आणि मुलांचा उरत नाही. महिन्यातून एक, तोही हवे तर एकाच पानाचा, पण वाकडातिकडा आणि मुलांनीच केलेला असू द्यावा. वर्गणीदार आधी करावेत. पाच रुपयांना अंक विकत घेतलेल्या शेजारच्या आजी ‘या महिन्याचा आला नाही का गं?’ म्हणून विचारतात, तेव्हा घरच्यांना तगादा लावावा लागत नाही.

ज्यांना एवढा खटाटोप नको त्यांनी पाककृती लिहून घ्यावी. काकडीची कोशिंबीर घ्या: दोन काकड्या, अर्धी वाटी दही, दोन चमचे दाण्याचे कूट, अर्धा चमचा साखर, पाव चमचा मीठ. मुलाने एकदा बघावी, मग कृती लिहावी आणि ती कृती कधीही कोशिंबीर न केलेल्या माणसाने हातात घेऊन तंतोतंत पाळावी. ‘काकडी किसा’ लिहिले असेल तर न धुता, न सोलता किसावी. ‘चमचा’ लिहिले असेल तर डाव घ्यावा. हसून हसून पुरेवाट होते आणि दुसऱ्या खर्ड्यात ‘पोह्याचा चमचा, सपाट’ असे येते. मीठ आधी घालून बाजूला ठेवले तर पाणी सुटून कोशिंबीर पातळ होते. तेव्हा तिसऱ्या खर्ड्यात ‘मीठ वाढायच्या वेळी घाला, नाहीतर पाणी सुटते’ असे कारणासकट वाक्य येते. कारण देणारे वाक्य मुलाच्या लेखनात आपणहून येणे ही फार पुढची पायरी आहे. फोडणी मात्र मोठ्यांनीच द्यावी.

पोस्टकार्डाचा उद्योग सर्वांत स्वस्त, पन्नास पैशांचा. पत्त्याच्या बाजूला पिनकोडचे सहा चौकोन असतात. मुले पत्ता मोठ्या अक्षरात सुरू करतात आणि गावाचे नाव कडेवर चढते. म्हणून पत्त्याच्या ओळी आधी पेन्सिलीने आखाव्यात. ‘तीर्थरूप’, ‘साष्टांग दंडवत’ हा मायना घोकून घेण्याची गरज नाही, ‘प्रिय आजी’ पुरते. पत्रात एक तरी खरा प्रश्न असावा आणि ज्याला पत्र जाणार त्याला आधीच फोन करून बजावावे, की उत्तर पोस्टानेच द्यायचे, व्हॉट्सॲपवर नाही. उत्तर न आलेले पहिले पत्र हे बहुधा शेवटचे ठरते. लहान पोस्टात कार्डे पुष्कळदा शिल्लक नसतात, तेव्हा मुख्य टपाल कार्यालयातून एकदम वीस-पंचवीस आणून ठेवावीत. पुढे हात बसला की डाक विभागाची ‘ढाई आखर’ ही पत्रलेखन स्पर्धा आहे. तिच्यात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांचा वेगळा गट असतो.

कुंडीत कढीपत्ता किंवा लिंबाचे रोप असेल तर पावसाळ्यात त्यावर फुलपाखराची अळी येतेच. लहान असताना ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाल्यावर हिरवी होते. तारीख, वेळ, पट्टीने मोजलेली लांबी, खाल्लेली पाने, एक चित्र आणि एक प्रश्न, अशी रोजची नोंद कोशातून फुलपाखरू बाहेर पडेपर्यंत ठेवावी. नियम एकच: ‘छान’, ‘सुंदर’ आणि ‘मस्त’ या तीन शब्दांना बंदी. पहिले दोन दिवस मूल अडखळते, मग ‘शेपटीकडे पांढरा पट्टा, बोट लावले तर डोक्यातून लाल शिंगे काढते आणि आंबूस वास येतो’ असे लिहू लागते.

वर्षअखेरीस या सगळ्यातून निवडून हस्तलिखित बांधावे. शाळाशाळांत एकेकाळी हस्तलिखिते निघत, काही ठिकाणी अजूनही निघतात. घरीही ते अवघड नाही. पाच-सहा ए-फोर कागद एकात एक घालून दुमडले की वीस ते चोवीस पाने होतात. पानांची संख्या चारच्या पटीतच येते, हे मजकूर ठरवण्याआधी सांगावे, नाहीतर शेवटी दोन पाने कोरी राहतात. नेहमीचा छोटा स्टेपलर कण्यापर्यंत, म्हणजे मधल्या घडीपर्यंत, पोचत नाही. कडेपासून कणा जवळजवळ पंधरा सेंटिमीटर आत असतो. म्हणून शिवावे. दाभणाने घडीवर तीन भोके पाडावीत, एक मध्यावर आणि दोन त्याच्या वर-खाली सात-सात सेंटिमीटरवर. मोठ्या सुईत अर्धा मीटर जाड दोरा ओवावा. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढावी, वरच्या भोकातून आत, मधले भोक ओलांडून खालच्या भोकातून बाहेर आणि मधल्या भोकातून पुन्हा आत. दोऱ्याची दोन टोके आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना येतात. टाका मध्ये धरून गाठ मारावी. कागद सहापेक्षा जास्त झाले तर आतली पाने बाहेर डोकावतात आणि शिवणही फाकते. अशा वेळी दोन वेगळी हस्तलिखिते करावीत.

फोनवर बोलून मराठी टंकन आता सहज होते. ज्याचा हात चालत नाही पण तोंड चालते अशा मुलाला त्याचा खर्ड्यापुरता जरूर उपयोग करू द्यावा. त्यात विरामचिन्हे बहुधा नीट येत नाहीत, तेव्हा ती घालायचे काम आयतेच मिळते. निबंध लिहून देणाऱ्या यंत्राची काळजी या उद्योगांत करावी लागत नाही. तुमच्या मातीच्या खंदकात काल मांजर बसली होती, हे त्याला ठाऊक नसते.

होमस्कूलिंग करणाऱ्यांना पुढच्या परीक्षांची चिंता असते, ती रास्त आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची माध्यमिक परीक्षा चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर देता येते, मराठी माध्यमातूनही; आणि तिथे उत्तरे हातानेच लिहायची असतात. तेव्हा बाराव्या वर्षापासून आठवड्यातून एकदा घड्याळ लावून सलग लिहिण्याचा सराव हवा. आधी वीस मिनिटे, मग दर महिन्याला पाच-दहा मिनिटांनी वाढ. हा सराव या उद्योगांपासून वेगळा ठेवावा. किल्ल्याच्या पुस्तिकेला घड्याळ लावले की तीही निबंधाची वही होऊन बसते.

आता आपल्याकडे एक मागणी. आपल्या बालपुरवणीत छापून येणाऱ्या बऱ्याच कविता आणि गोष्टी मोठ्यांचा हात फिरलेल्या असतात, हे वाचताना लगेच कळते. मुलांना तर आधी कळते. दर आठवड्याला एक चौकट अशी द्यावी, की जिथे साठ शब्दांपर्यंतचे मुलांचे लेखन त्यांच्याच वाक्यरचनेत आणि त्यांच्याच बोलीत छापले जाईल. शुद्धलेखन तपासा, वाक्ये मात्र बदलू नका. विषय देऊ नका. द्यायचाच असेल तर ‘तुमच्या घरातली कुठली वस्तू सारखी बिघडते आणि मग काय करता?’ असा द्या. मजकूर पोस्टाने मागवा, नावाबरोबर फक्त वय आणि गाव छापा. आणि जे छापता येणार नाही, त्या मुलाला एका ओळीचे का होईना, पण त्याने काय लिहिले होते त्याचा उल्लेख असलेले पोस्टकार्ड कार्यालयातून जाऊ द्या.

आपले,
मुलांसोबत लेखनाचे काम करणारे काही पालक व शिक्षक,
पुणे